माफीच्या साक्षीदाराला माफी नेमकी कधी मिळते?

‘अमुक आरोपी माफीचा साक्षीदार झाला’ अशी बातमी आली की वाचणारा एकच अर्थ काढतो: पोलिसांना सगळं सांगितलं, सुटला. पण ज्या दिवशी ही बातमी छापून येते त्या दिवशी तो सुटलेला नसतो. बहुतेकदा तो तुरुंगातच असतो आणि खटला संपेपर्यंत तिथेच राहणार असतो. त्याच्या हातात असतो तो न्यायालयाचा एक सशर्त आदेश. ती शर्त त्याने शेवटच्या उलटतपासणीपर्यंत पाळली, तरच माफी खरी.

या विषयात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दोन वेगळ्या संरक्षणांची गल्लत केल्यामुळे. पहिलं संरक्षण आरोपी नसलेल्या कोणत्याही साक्षीदाराला असतं. साक्षीत सक्तीने द्यावं लागलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. दुसरं म्हणजे माफी, आणि ती गुन्ह्यात सामील असलेल्यालाच मिळते. पहिलं उत्तराला कवच देतं, दुसरं माणसाला. पहिल्याच्या भरवशावर दुसऱ्यासारखं बोलून बसलेला माणूस नंतर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. म्हणून दोन्ही नीट वेगळी करून सांगतो.

आधी कलमांचे आकडे, कारण ते बदललेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. माफीची जुनी कलमं ३०६, ३०७ आणि ३०८ आता ३४३, ३४४ आणि ३४५ आहेत. पुरावा कायद्याचं कलम १३२ आता साक्ष्य अधिनियमाचं १३७ झालं. जुने खटले अजून जुन्याच आकड्यांनी चालू आहेत, त्यामुळे कोर्टात दोन्ही ऐकू येतात.

आता पहिलं कवच. पोलिस तपासात विचारतात तेव्हा, ज्या उत्तराने आपण स्वतः गुन्ह्यात अडकू शकतो ते उत्तर न देण्याची मुभा साक्षीदाराला आहे (नव्या संहितेचं कलम १८०, जुनं १६१). कोर्टात मात्र उलटं. शपथ घेतल्यावर, खटल्याच्या मुद्द्याशी संबंधित प्रश्न असेल तर ‘हे उत्तर मला अडकवेल, म्हणून देणार नाही’ असं साक्षीदाराला म्हणता येत नाही. उत्तर द्यावंच लागतं. त्या सक्तीच्या मोबदल्यात कलम १३७ सांगतं की अशा उत्तरामुळे त्याला अटक होणार नाही, त्यावरून खटला भरला जाणार नाही आणि ते उत्तर दुसऱ्या कोणत्याही फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून येणार नाही. अपवाद एकच, खोटी साक्ष. उत्तरच खोटं निघालं तर त्या खोटेपणाबद्दल खटला होतो आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते.

यातला कळीचा शब्द ‘सक्ती’. हरकत न घेता साक्षीदाराने आपणहून सगळं सांगून टाकलं, तर त्याला सक्ती म्हणायचं का, यावर ब्रिटिश काळापासून वाद झाले आहेत. त्या वादात आपल्या अशिलाला ढकलण्यात शहाणपण नाही. पिंजऱ्यात काय करायचं ते अगदी साधं आहे. समजा वकिलाने विचारलं, ‘त्या रात्री गाडी कोण चालवत होतं?’ आणि गाडी साक्षीदारच चालवत होता. उत्तर देण्याआधी त्याने न्यायाधीशांकडे वळून एवढंच म्हणावं: ‘साहेब, या प्रश्नाचं उत्तर मला गुन्ह्यात गोवू शकतं. माझी हरकत नोंदवावी.’ न्यायाधीश प्रश्न संबद्ध आहे का ते बघतात आणि असेल तर उत्तर द्यायला सांगतात. लघुलेखकाला मजकूर सांगताना साक्षीदाराची हरकत, न्यायालयाचा आदेश आणि मग उत्तर, असा तिन्हींचा क्रम जबाबात उतरला पाहिजे. सही करण्याआधी जबाब वाचून दाखवतात, तेव्हा ती ओळ आहे की नाही हे साक्षीदाराने स्वतः पाहावं. नसेल तर तिथेच सांगावं. दुसऱ्या दिवशी सांगून उपयोग कमी.

या कवचाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. झाकलं जातं ते उत्तर. त्या माणसाविरुद्ध दुसरा पुरावा असेल, म्हणजे सीसीटीव्ही, फोनचे तपशील, दुसऱ्या कुणाची साक्ष, तर त्यावर खटला चालू शकतो. न्यायालय त्याला चालू खटल्यातच आरोपी म्हणून बोलावू शकतं (कलम ३५८, जुनं ३१९), फक्त त्या उत्तराचा आधार घेता येत नाही.

इथेच एक घातक प्रकार घडतो. तपासात एखाद्याला सांगितलं जातं, ‘तुला साक्षीदार करतो, नाव दोषारोपपत्रात टाकत नाही.’ तोंडी दिलेला असला शब्द म्हणजे माफी नव्हे. माफी देण्याचा अधिकार पोलिसांना नाहीच. साथीदाराला आरोपी न करता नुसतं साक्षीदार म्हणून उभं केलं तर त्याची साक्ष चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या लक्ष्मीपत चोरारिया प्रकरणात मान्य केलं आहे. पण अशा साक्षीदाराच्या अंगावर कलम १३७ इतकंच पांघरूण असतं, ३४३ चं नसतं. वर त्याची साक्ष साथीदाराची म्हणून संशयाने तपासली जाते ती वेगळीच. म्हणजे ओझं माफीच्या साक्षीदाराचं आणि संरक्षण साध्या साक्षीदाराचं. गुन्ह्यात खरोखर सहभाग असेल तर हा सौदा मला फार वाईट वाटतो. लेखी न्यायालयीन आदेशाशिवाय कुणीही त्यात पडू नये.

आता खरी माफी. तपास, चौकशी किंवा खटला यातल्या कोणत्याही टप्प्यावर ती मुख्य न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. प्रकरण ज्यांच्यासमोर चालू आहे ते प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी चौकशी किंवा खटल्याच्या टप्प्यावर देऊ शकतात. खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाला की निकालापूर्वी कधीही ते न्यायालय देऊ शकतं. गुन्हाही तितका गंभीर लागतो: केवळ सत्र न्यायालयात किंवा विशेष न्यायाधीशांसमोर चालणारा, किंवा ७ वर्षांपर्यंत वा त्याहून जास्त कैदेची शिक्षा असलेला. किरकोळ मारहाणीत माफीचा साक्षीदार हा प्रकार नाही.

अर्ज सरकारी पक्ष करतो किंवा आरोपी स्वतः. आरोपीने केला तरी सरकारी वकिलांचं म्हणणं घेतलं जातं, आणि घेतलंच पाहिजे, कारण माफीचा हेतू त्या माणसावर दया करणं हा नाही. इतरांविरुद्ध पुरावाच उभा राहत नसेल, तेव्हा तो आतल्या माणसाकडून मिळवणं हा आहे. त्यामुळे सरकारी पक्षाकडे आधीच भक्कम पुरावा असेल तर ‘मला साक्षीदार करा’ हा अर्ज सहसा टिकत नाही.

आदेशात दोन गोष्टी हव्यातच: माफी का देत आहोत त्याची कारणं आणि त्या माणसाने ती स्वीकारली की नाही याची नोंद. इतर आरोपींनी अर्ज केला तर या नोंदीची प्रत त्यांना मोफत द्यावी लागते. बचावाचा पहिला हल्ला याच कागदावर होतो, म्हणून कारणांच्या जागी एक ठरीव वाक्य टाकून दिलेला आदेश हा सरकारी पक्षाचा स्वतःच्या पायावर धोंडा. शर्तही कायद्यानेच ठरवून दिली आहे. गुन्ह्याबद्दल आणि त्यात मुख्य म्हणून वा साहाय्यक म्हणून सामील असलेल्या प्रत्येकाबद्दल जे जे माहीत आहे ते पूर्ण आणि खरं सांगायचं. ‘प्रत्येकाबद्दल’ हा शब्द नीट वाचा. भावाला, मेव्हण्याला किंवा उपकारकर्त्याला वगळून बाकी सगळं खरं सांगितलं, तरी शर्त मोडली.

स्वीकारताक्षणी तो माणूस आरोपी राहत नाही, साक्षीदार होतो. म्हणून राज्यघटनेच्या कलम २०(३) मधलं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही हे संरक्षण त्याच्या साक्षीच्या आड येत नाही.

आणि मग येते कोठडी. या कायद्यातली सगळ्यात जड आणि सगळ्यात कमी माहिती असलेली तरतूद हीच, असं मी म्हणेन. माफी स्वीकारणारा आधीपासून जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीत ठेवायचं, असं कलम ३४३(४) सांगतं. परिणाम विचित्र होतो. सहआरोपी एकेक करून जामिनावर बाहेर पडतात आणि ज्याने सरकारला मदत केली तो आतच राहतो. यामागे दोन कारणं आहेत. बाहेर त्याच्या जिवाला धोका असतो, आणि बाहेर गेल्यावर त्याला फोडणं सोपं असतं. ती कारणं मला समजतात, पण खटले वर्षानुवर्षं चालतात तिथे ही माफीची किंमत म्हणून भरलेली कैदच ठरते. कायद्याने हे इतकं थेट बांधल्यामुळे खालच्या न्यायालयाचे हात बांधले जातात. फारच रेंगाळलेल्या खटल्यांत काही उच्च न्यायालयांनी आपल्या अंगभूत अधिकारात अशा साक्षीदाराला सोडलं आहे, पण तो अपवाद. वकिलाने लक्षात ठेवायचा क्रम त्यामुळे सरळ आहे: जामीन मिळण्यासारखा असेल तर तो आधी, माफीचा स्वीकार नंतर. स्वीकार झाल्यावर जामिनाचा विचार सुचला तर उशीर झालेला असतो.

माफीच्या आधी बहुतेक वेळा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब होतो (कलम १८३, जुनं १६४). कबुली देण्याचं बंधन नाही आणि दिली तर ती विरुद्ध वापरली जाईल, हे त्यांनी स्पष्ट सांगायचं असतं. विचारासाठी वेळ द्यायचा असतो. १९५७ च्या सरवन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा वेळ साधारणपणे किमान २४ तास असावा असं म्हटलं आहे. या वेळात पोलिसांची सावलीही त्याच्यावर पडू नये, हे अपेक्षित असतं. सकाळी पोलिस कोठडीतून आणला आणि दुपारी कबुली नोंदवली, असं झालं की उलटतपासणीत त्या कागदाच्या चिंध्या होतात.

त्यानंतर साक्ष एकदा नाही, दोनदा. जिथे न्यायदंडाधिकारी दखल घेऊन खटला सत्र न्यायालयाकडे पाठवतात, तिथे माफीच्या साक्षीदाराची एक साक्ष त्यांच्यासमोर आणि दुसरी खटल्यात. सत्र न्यायालयाकडे पाठवण्याआधीची ही साक्ष बंधनकारक आहे, हे सुरेशचंद्र बाहरी प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. हा माणूस काय सांगणार आहे ते आरोपींना खटला उभा राहण्याआधी कळावं, हा त्यामागचा विचार. घाईत ही पायरी गाळली गेली तर पुढच्या सगळ्या कामावर प्रश्नचिन्ह लागतं. साक्षीदाराच्या बाजूने पाहिलं तर कबुलीजबाब, पहिली साक्ष आणि खटल्यातली साक्ष असे तीन मजकूर तयार होतात, आणि बचावाचा वकील ते शेजारी शेजारी ठेवून बसतो. तारीख किंवा तास इकडेतिकडे झाला तर तो माणसाच्या स्मरणाचा दोष म्हणून निभावतो. पण पहिल्या दोन मजकुरांत नसलेला आरोपी तिसऱ्यात उगवला तर साक्ष गेलीच. साक्ष ‘सुधारून’ घ्यायचा मोह तपास अधिकाऱ्याला होतो आणि साक्षीदाराला त्या अधिकाऱ्याला खूश करण्याचा. प्रकरणं इथेच बुडतात.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे स्वतःची भूमिका पुसणं. ‘मी फक्त दारात उभा होतो’ असं प्रत्येक प्रसंगात सांगणारा साथीदार न्यायाधीशांना पटत नाही. आपण काय केलं ते न झाकता सांगणं, हीच त्याच्या विश्वासार्हतेची पहिली कसोटी असते.

सरवन सिंग निकालाने दुहेरी कसोटी घालून दिली: साक्षीदार मुळात विश्वासार्ह हवा आणि त्यानंतर त्याच्या साक्षीला महत्त्वाच्या बाबींत स्वतंत्र दुजोरा हवा. पहिली पायरीच कोसळली तर दुजोऱ्याकडे वळायचं कारण उरत नाही. जुना कायदा दुजोऱ्याशिवायची शिक्षा बेकायदा नाही असं म्हणत असे, आणि दुजोरा हवा हा विवेकाचा नियम म्हणून पाळला जाई. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये ‘दुजोरा मिळालेली साक्ष’ असे शब्दच आले आहेत. माझ्या मते हा चांगला बदल आहे.

दुजोरा म्हणजे प्रत्येक वाक्याला दुसरा साक्षीदार नव्हे. मात्र तो प्रत्येक आरोपीपुरता वेगळा लागतो. गांधी हत्येच्या खटल्यात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९४८ साली लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्मा चरण यांच्यासमोर तो चालला आणि पुण्याचे शस्त्रविक्रेते दिगंबर बडगे माफीचे साक्षीदार होते. बडगे सत्य बोलणारे साक्षीदार आहेत असं न्यायाधीशांचं मत झालं. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांच्याबाबत मुक्काम आणि प्रवास यांचा स्वतंत्र पुरावा समोर होता. दिल्लीच्या मरिना हॉटेलात ते दोघे खोट्या नावांनी उतरले होते. विनायक दामोदर सावरकरांबाबत मात्र टॅक्सीचालकाच्या साक्षीतून एवढंच पुढे येत होतं, की मंडळी शिवाजी पार्कला, म्हणजे सावरकरांच्या घराजवळ, उतरली. घरात काय बोलणं झालं याबद्दल बडगे यांच्या शब्दापलीकडे काही नव्हतं. माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या कथनावर निष्कर्ष काढणं सुरक्षित नाही म्हणून १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर निर्दोष सुटले. साक्षीदार तोच, साक्ष तीच, पण प्रत्येक आरोपीचा हिशेब वेगळा झाला.

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात माफीच्या साक्षीदाराचा उपयोग झाला, तो नंतरच्या पिढ्यांनाही आठवतो. १९७६ आणि १९७७ मध्ये दहा खून झाले होते आणि आरोपींच्याच ओळखीतला एक विद्यार्थी माफीचा साक्षीदार झाला. बंद दारामागे काय घडलं ते आतला माणूसच सांगू शकतो, ही या तरतुदीची खरी गरज अशा प्रकरणांत कळते.

माफी किती दूर पोचते, हाही प्रश्न वेळीच विचारायला हवा. ती त्या प्रकरणापुरती असते. दुसऱ्या पोलिस ठाण्यातला वेगळा गुन्हा, नोकरीतली खातेनिहाय चौकशी, दिवाणी दावा, यांतलं काही त्यात येत नाही. म्हणून आदेशात गुन्हा क्रमांक आणि कलमं नेमकी कोणती आहेत ते स्वीकारण्याआधी वाचावं. देशाची हद्दही ती ओलांडत नाही. २६/११ च्या कटातला डेव्हिड हेडली डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात माफीचा साक्षीदार झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतून व्हिडिओद्वारे साक्ष दिली. तिकडची ३५ वर्षांची शिक्षा तशीच राहिली.

लाचेच्या प्रकरणात नियम वेगळे आहेत, आणि त्याबद्दल जुनी माहिती अजून फिरते आहे. लाच देणाऱ्याच्या जबाबाला पूर्वी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २४ ने संरक्षण होतं. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. आता लाच देणं हाही गुन्हा आहे. ज्याला लाच देणं भाग पाडलं गेलं त्याने ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच तो सुटतो. आधी कळवून, सापळ्यासाठी म्हणून पैसे दिले तरी संरक्षण आहे. आठव्या दिवशी गेलेला तक्रारदार स्वतः आरोपी होऊ शकतो. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४ प्रमाणे सरकारही पूर्ण आणि खऱ्या माहितीच्या बदल्यात खटल्यापासून अभय देऊ शकतं. ते न्यायालयाच्या माफीहून वेगळं.

जिवाचं संरक्षण हा आणखी वेगळा अर्ज. महेंद्र चावला प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल येतो आणि संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी मिळतं. मुदत संपण्याआधी पुन्हा अर्ज करायचं लक्षात ठेवावं लागतं. माफीचा आदेश झाला म्हणून हे आपोआप मिळत नाही.

शेवटी, माफी जाते कशी? न्यायाधीशांना साक्ष खोटी वाटली एवढ्याने नाही. सरकारी वकिलांना प्रमाणपत्र द्यावं लागतं की या माणसाने महत्त्वाचं काही मुद्दाम लपवलं किंवा खोटी साक्ष दिली. त्यानंतर त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला चालतो, सहआरोपींपासून वेगळा. खोट्या साक्षीचाही खटला भरायचा असेल तर उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. आणि आता त्याचा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब आणि माफीनंतर तिथे दिलेली साक्ष, दोन्ही त्याच्याचविरुद्ध पुरावा म्हणून येतात. माफी मागितली नसती तर सरकारकडे जे नव्हतं, ते त्याने स्वतःच्या तोंडाने दिलेलं असतं. फितूर होण्यासाठी दबाव येत असेल, तर या एका परिणामाची जाणीव त्याला आणि त्याच्या घरच्यांना आधीच करून द्यायला हवी.

तरीही एक दार उघडं राहतं. या वेगळ्या खटल्यात, सत्र न्यायालयात दोषारोप वाचून दाखवण्याआधी, न्यायाधीशांनी त्याला विचारलंच पाहिजे: माफीच्या शर्ती पाळल्या असं तुमचं म्हणणं आहे का? ‘हो’ म्हटलं की ते नोंदवलं जातं. शर्त मोडली हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर येतो. आणि शर्त पाळली होती असा निष्कर्ष निघाला, तर बाकी पुरावा काहीही असो, निर्दोष मुक्ततेचाच निकाल द्यावा लागतो.